कावळ्यापुढं बोललेलं वाक्य

माझ्या सगळ्यांत गाजलेल्या देखाव्यातलं सगळ्यांत गाजलेलं वाक्य मी लिहिलेलं नाही. ही गोष्ट आजवर मी कुणाजवळ बोललो नाही, बायकोजवळसुद्धा नाही. त्या वाक्याला विट्यापासून फलटणपर्यंतच्या चौकांत माणसं रडली, मंडळांना ढाली मिळाल्या, मला शाल-नारळ मिळाले. वाक्य माझ्या वहिनींचं होतं. त्यांनी ते एका कावळ्यापुढं म्हटलं होतं, आणि ते धडधडीत खोटं होतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सांगितला : भावना आणि गोष्ट रचण्याची कला. "तुम्ही पब्लिकला रडवता ते कसं, तेवढं लिहा." ते लिहितोच. पण लिहायला बसलो की फिरून फिरून त्या कावळ्याच्या घाटावरच येऊन पडतो, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आता धंदा सांगतो. शहरातल्या वाचकांना गणपतीचा देखावा म्हणजे थर्माकोलचं मंदिर आणि लायटिंग वाटतं. आमच्या सातारा-सांगलीकडं अजून सजीव देखावा लागतो. मांडवात गणपतीशेजारी फळ्यांचं स्टेज, त्यावर गल्लीतलीच पोरं-पोरी, आणि दहा-बारा मिनिटांचं एक नाट्य. गौरी गेल्या की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरनं टेम्पो-ट्रॅक्टर भरून माणसं बघायला येतात. खेळ संपला की गर्दी पुढच्या मंडळाकडं सरकते, नवी गर्दी उभी राहते, पुन्हा तोच खेळ. एका संध्याकाळी एकच पोरगं किती तरी वेळा शहीद होतं आणि मधल्या वेळात वडापाव खातं.

यातली मेख अशी की स्टेजवरची माणसं बोलत नाहीत. संवाद, संगीत, कुत्र्याचं भुंकणं, सगळं आधी स्टुडिओत रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. त्याला आम्ही ट्रॅक म्हणतो. ट्रॅक सुरू झाला की पोरं नुसते ओठ हलवतात. आवाज सांगलीच्या कुणा बाईचा, ओठ गल्लीतल्या पिंकीचे. त्या ओठांत शब्द घालणारा माणूस मी. वर्षभर छापखान्यात लग्नपत्रिका जुळवायच्या आणि आषाढ-श्रावणात मंडळांची स्क्रिप्टं लिहायची, असं माझं आयुष्य गेलं. आता पन्नाशी ओलांडली.

सुरुवातीला मला वाटायचं, मरण दाखवलं की माणसं रडतात. माझ्या पहिल्या शहीद जवानाच्या देखाव्यात तोफा होत्या, बिगुल होता, तिरंग्यातली पेटी होती, आईचा हंबरडा होता. आमच्याकडं घराआड एक माणूस मिलिटरीत. म्हटलं, चौक भिजणार. मी स्टेजकडं पाठ करून गर्दीची तोंडं बघत उभा राहिलो. ती सवय मला अजून आहे; माझे देखावे मी स्वतः समोरून फार कमी पाहिलेत. माणसांनी हात जोडले, जयजयकार केला. डोळ्यात टिपूस कुणाच्या नाही. पुढं उभे असलेले एक आजोबा शेजारच्याला म्हणाले, "बंदूक उलट्या खांद्याला लावलीया बेण्यानं." रिटायर सुभेदार असणार.

दुसऱ्या संध्याकाळी ट्रॅक मधेच अडकला. जवानाच्या बापाचं काम तानाजी करत होता. हा गल्लीत रतीब घालणारा दूधवाला, वयानं पोक्त. त्याचं वाक्य होतं, "माझा वाघ देशाच्या कामी आला." आवाजच नाही म्हटल्यावर तो ओठ कशावर हलवणार? समोर माणसं, बाजूला पोरं वायरी उपसतायत. तानाजी अवघडला. त्याच्यासमोर जवानाची काळी पत्र्याची ट्रंक होती, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि ट्रंकेवरची धूळ पुसायला लागला. कोपरे पुसले. कडी पुसली. नावावरनं टॉवेल फिरवला, आणि पुन्हा फिरवला.

मी तोंड पुन्हा गर्दीकडं वळवलं. आधी एका बाईनं पदर तोंडाला लावला. मग पुढचे दोन गडी खाली बघायला लागले. मग सगळा चौक गप झाला, इतका की पलीकडच्या मंडळाचं गाणं ऐकू यायला लागलं.

मला वाटलं, सापडलं. पुढच्या वर्षी ट्रंक पुसणं स्क्रिप्टमध्ये घातलं, वर बासरी टाकली. तोच तानाजी, तीच ट्रंक. काही झालं नाही. हे कोडं मला सुटेना. शेवटी तानाजीलाच धरलं.

"गेल्या वर्षी पुसताना मनात काय होतं रं तुझ्या?"

"मनात? काय न्हाई. हातास्नी काय तरी काम पायजे हुतं."

"आणि औंदा?"

"औंदा तुमी सांगितलं म्हणून पुसली की!"

त्याच्या पहिल्या उत्तरावर मी पुढची सगळी वर्षं काढली. माणसाला बोलायला काही उरत नाही, करायला काही उरत नाही, तेव्हा त्याचे हात जे करतात ते बघणाऱ्याला सोसत नाही. तेव्हापासून मी पात्राला रडवायचं सोडलं. त्याच्या भोवतीची दारं एकेक करून लावत जायची. हंबरडा फोडायची सोय ठेवायची नाही, भाषणाची ठेवायची नाही, कुणाच्या गळ्यात पडायची ठेवायची नाही. मग ते पात्र आपोआप काहीतरी पुसायला लागतं. काय पुसेल हे लेखकाला आधी कळलं, तर समजावं की दारं नीट लागली नाहीत.

दुसरा धडा जतकडं मिळाला. तिथल्या एका मंडळाला पाण्याच्या टँकरवरचा देखावा दिला होता. एक बाई उन्हात रांगेला उभी राहून घागर मिळवते आणि शेजारच्या बाळंतिणीच्या दारात नेऊन देते. शेवटी मी पाणी वाचवण्यावर लांबलचक भाषण ठोकलं होतं, स्वतःवर खूश होऊन. त्या भागात निम्मी माणसं घरी कानडी बोलतात, माझी जड मराठी त्यांच्यापर्यंत कितपत पोचेल ही मला धास्ती. खेळ संपल्यावर एक म्हातारी तिथंच उभी राहिली. मंडळाच्या पोरानं "अव्वा, हे लेखक" अशी ओळख करून दिली, तर तिनं माझा दंडच धरला.

"ती पाणी पिली का न्हाई?"

"कोण, अव्वा?"

"घागर दिली ती. तोंड वाळलं हुतं की तिचं."

मी म्हटलं, शेवटी गावाला रोज टँकर यायला लागतो असं दाखवलंय.

"टँकरचं असू द्या वो. ती पिली का?"

मी ते लिहिलंच नव्हतं. ट्रॅक रेकॉर्ड झालेला, त्यात एक शब्द बदलता येत नव्हता. पण हात बदलता येतात. पुढच्या खेळाआधी मी त्या पोरीला म्हटलं, बाळंतिणीनं घागर परत केली की तळाचं ओंजळभर पाणी पी, भाषण चालू दे तिकडं. भाषण कुणी ऐकलं नाही. सगळा चौक ती ओंजळ तोंडाला लागेपर्यंत श्वास धरून होता. अव्वा परत येऊन उभी होती. "हां," म्हणाली आणि निघाली. माझ्या लिखाणाचं याहून चांगलं परीक्षण कुठं आलेलं नाही.

तिसरा धडा मात्र मिळाला नसता तर बरं झालं असतं. तो दिला बबननं. बबन कवठे महांकाळकडच्या एका मंडळाचा अध्यक्ष. अंगानं दांडगा, मनानं हळवा, देखाव्याच्या बाबतीत एकदम पक्का.

"सर, पब्लिकला नुसतं वाईट वाटून भागत न्हाई," तो म्हणाला. "कुणावर तरी दात खाता आलं पायजेत. गेल्या साली तुमच्या देखाव्यात समदीच चांगली. मानसं मोबाइल बघाय लागली."

मला तेव्हा ते आडमुठं वाटलं. मग मी गर्दीत उभा राहून बघितलं, तर बबन बरोबर होता. नुसतं दुःख समोर आलं की बघणारा चुळबुळतो. त्याला त्याची आई आठवते, भाऊ आठवतो, आपल्या हातनं राहिलेलं काहीतरी आठवतं. पण स्टेजवर एखादं दुष्ट माणूस आलं की तो सैल होतो. दोष तिकडं, मी इकडं. एकदा आपण निर्दोष ठरलो की रडायला मोकळे. राग आधी, रडू मागून. ही युक्ती मी कायम वापरली आणि ती कधी फसली नाही.

आणि दुष्ट माणूस म्हणून सून स्वस्त पडते. मिशा नकोत, वेगळे कपडे नकोत. कमरेवर हात ठेवला की काम झालं. समोरच्या बायकांत निम्म्या सासवा, निम्म्या नणंदा. सुना त्या वेळेला घरी गणपतीला आलेल्या पाहुण्यांच्या पोळ्या लाटत असतात. तक्रार करायला कुणी हजर नसतं.

आता घाट.

आमचं गाव येरळेच्या काठी. दादा, माझा थोरला भाऊ, तेव्हा पलटणीत होता, लांब ईशान्येकडं. घर वहिनी सांभाळायच्या. आई त्यांच्याजवळ; तिला त्या आत्या म्हणायच्या. मी सांगलीत, एसटीनं दीड-दोन तासांवर. त्या श्रावणात आईनं अंथरूण धरलं. वहिनींचा फोन आला, "भावजी, आत्या तुमचं नाव घेत्यात. उद्या या."

"ट्रॅक चालू हाय वैनी. परवा निघतो."

परवा बबनचं मंडळ समोर येऊन बसलं. पुन्हा फोन आला. "आत्यांनी भाकरी सोडलीया. पेजंवर हायत. या की वो." मी म्हटलं, एवढं उरकलं की आलोच. त्यानंतरचा फोन आला तेव्हा मी स्टुडिओत होतो. काचेपलीकडं आवाज देणाऱ्या बाईंना सांगत होतो, "आई अजून थोडी थकलेली वाटू द्या." वहिनींनी फोन आईच्या कानाला लावून दिला होता. आई म्हणाली, "कामात हायस व्हय? असू दे, असू दे."

मी गेलो तो आई गेल्यावर.

इथं खरं सांगायचं तर काम हे निमित्त होतं. काम एक दिवस थांबलं असतं. मला भीती वाटत होती. गर्दीची तोंडं बघून बघून माझे डोळे असे झाले होते की कुणाच्या डोळ्यात पाणी आलं की मी आधी ते कशानं आलं हे शोधायचो. आईच्या उशाशी बसून मी तिचे हात बघत बसेन आणि मनात लिहून ठेवेन, हे मला ठाऊक होतं. म्हणून टाळलं. टाळलं म्हणून काही चांगला झालो नाही, हेही आता ठाऊक आहे.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. आमच्याकडं बायकाही येतात. कावळे समोरच्या बाभळीवर होते, पण खाली एक उतरेना. चुलते पिंडाकडं बघून आईला म्हणाले, "वैनी, बैलं इकत न्हाई." कावळा हलला नाही. रजा काढून आलेला दादा म्हणाला, "आई, घर धरून ठेवतो, तुळस वाळू देत न्हाई." नाही. ऊन चढलं. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "कशात जीव आडाकलाय म्हातारीचा?" चुलती मोठ्यानं म्हणाली.

तो कशात अडकलाय हे तिथं दोघांना माहीत होतं. मी तांब्या धरून पिंडाजवळच उभा होतो. मला एवढंच म्हणायचं होतं, आई, मी आलो नाही, चुकलो. माझे ओठ हलले नाहीत. दुसऱ्यांच्या तोंडांत इतकी वाक्यं घातली, पण त्या सकाळी मला स्वतःसाठी एक सुचलं नाही. सुचलं होतं, म्हणवलं नाही.

मग वहिनी पुढं आल्या. पदर सारखा केला, गुडघे टेकले, हात जोडले आणि अगदी हळू, माझ्याशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आत्या, भावजींना मी बोलावलंच न्हाई. माझ्याकडनं राहिलं. त्यांच्यावर राग धरू नगा."

कावळा उतरला.

कशानं उतरला, मला ठाऊक नाही. फोन आईच्याच कानाला लावलेला होता, म्हणजे हे खोटं तिलाही कळणारं होतं. मी या गोष्टीचा पुष्कळ विचार केलाय, भक्त म्हणून थोडा आणि कारागीर म्हणून जास्त. योगायोग म्हणा, भूक म्हणा. पण त्या वाक्याची बांधणी बघा. त्यात रडणं नाही, आईची थोरवी नाही. बोलणारीनं स्वतःची सगळी दारं स्वतःच्या हातानं लावून घेतलीत आणि उरलेलं एक माझ्यासाठी उघडं ठेवलंय. असं वाक्य मी जन्मात लिहिलं नाही. माणसं "शिवला, शिवला" म्हणत हलली. लांबून सगळ्यांनी एवढंच पाहिलं की सुनेनं हात जोडले, ओठ हलले आणि कावळा शिवला. आवाज कुणाला आला नव्हता.

तेराव्याचा मांडव सुटायच्या आत बबन भेटायला आला. हात जोडून बसला, चहा नको म्हणाला, डोळे पुसले. मग थोड्या वेळानं, "सर, वाईट टायमाला इचारतोय... पर आमच्या मंडळाचं स्क्रिप्ट?" आधीचं त्यांना पसंत पडलं नव्हतं. गणपती तोंडावर आलेले.

मी बसलो आणि एका बैठकीत लिहिलं. आजारी म्हातारी, शहरात कामात गुंतलेला धाकटा मुलगा, आईची हाक त्याच्यापर्यंत पोचूच न देणारी सून. मुलाला कळतं तेव्हा आई गेलेली असते. घाटावर कावळा शिवत नाही. शेवटी सून गुडघे टेकते, हात जोडते आणि म्हणते, "आत्या, भावजींना मी बोलावलंच न्हाई." शब्दाला शब्द. पुढची दोन वाक्यं मी गाळली. "राग धरू नगा" ठेवलं असतं तर राग विझला असता, आणि राग विझला की रडू येत नाही, हे मला बबननं शिकवलेलं होतं.

लिहिताना लाज वाटली नाही, हे कबूल केलं पाहिजे. उलट हलकं वाटलं. आता कळतं की स्टेजसमोरच्या गर्दीतला पहिला माणूस मीच होतो. दोष तिकडं, मी इकडं. आईसाठी मी रडलो तो स्टुडिओत, तो ट्रॅक ऐकताना.

देखावा तुफान चालला. दुसऱ्या वर्षी दहा गावांनी मागितला, आणि त्यांत आमच्या गावचं मंडळ होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. "घरचं मंडळ, फुकट देतो," म्हणालो आणि ट्रॅक दिला.

गावची मंडळं कपडेपट भाड्यानं आणत नाहीत. पोरं घरोघर फिरून साड्या, धोतरं, पितळी भांडी गोळा करतात. वहिनींकडं आली तेव्हा त्यांनी आपली हिरवी इरकल काढून दिली. त्यांना वाटलं, आत्यांच्या भूमिकेला असेल. ती साडी नेसून शेजारची पिंकी सून झाली. ती हिरवी इरकल गावातल्या प्रत्येक बाईनं वहिनींच्या अंगावर बघितलेली.

मी नेहमीप्रमाणं स्टेजकडं पाठ करून उभा होतो. घाटाचा प्रसंग आला तेव्हा एकदा वळून पाहिलं. पिंकीनं पदर सारखा केला, हुबेहूब. मी पुन्हा गर्दीकडं वळलो आणि ट्रॅकवर ते वाक्य आलं. गर्दीतली बरीच माणसं गेल्या वर्षी प्रत्यक्ष घाटावर होती. त्यांनी हललेले ओठ पाहिले होते, आवाज ऐकला नव्हता. आज आवाज मिळाला. एकेकाच्या तोंडावर मला ते दिसत गेलं. असं, असं होतं होय. मग एकेकाची मान गर्दीत मागं वळली, वहिनी उभ्या होत्या तिकडं.

वहिनी रडत होत्या. सगळ्या बायकांसारख्याच, पदर तोंडाला लावून.

घरी मी त्यांच्या तोंडाकडं बघू शकत नव्हतो. त्यांनी ताट वाढलं. वाढता वाढता म्हणाल्या, "लय रडली मान्सं."

"व्हय."

"भावजी, पर त्या सुनंला तुमी एकदा बी हसू दिलं न्हाई. असं कोन असतं का?"

वाक्यरचनेची चूक दाखवल्यासारखं त्यांनी ते सांगितलं आणि आमटी आणायला आत गेल्या. तेव्हापासून मी कुठल्याही दुष्ट माणसाला एकदा तरी हसवतो, निदान एखाद्या कोंबडीला तरी प्रेमानं हाकलायला लावतो. देखावे सुधारले. वहिनींचं काही सुधारलं नाही.

पुढच्या श्रावणात आईच्या श्राद्धाला पंगत बसली होती. चुलती सगळ्यांदेखत म्हणाली, "ह्या टायमाला तरी बोलावलंस का गं धाकल्या दिराला?" पंगत हसली. वहिनीही हसल्या, वाढत राहिल्या. मी पानावरची भाजी चिवडत राहिलो. पुढं ती गावातली एक म्हणच होऊन बसली, हळदी-कुंकवाचं आमंत्रण राहिलं की बायका म्हणतात, "हिनं पण बोलावलंच न्हाई!" दादा पेन्शनीवर घरी आल्यावर एकदा माझ्यासमोर त्यानं त्यांना विचारलं, "खरंच फोन केला न्हवतास गं?" वहिनींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "राहून गेलं," म्हणाल्या. दादा चांगला माणूस आहे, पण त्यानंतर आईचा विषय निघाला की तो बायकोकडं न बघता बोलतो. एवढंच. बाहेरच्याला कळणारही नाही.

मी माणसांच्या चेहऱ्यांवर पोट भरणारा. मला कळतं.

या लेखाचं निमंत्रण आलं तेव्हा मी गावी गेलो. वहिनी अंगणात ज्वारी पाखडत होत्या. इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते विचारलं. म्हटलं, "वैनी, तुमी का बोलला न्हाईसा? दादाला तरी सांगायचं."

सूप थांबलं नाही. "काय सांगू?"

"की फोन केले हुते. मी आलो न्हाई."

"भावजी, मी घाटावर तोंडातनं काढलं आन् कावळा शिवला. आता मीच फिरवलं तर शिवलेलं खोटं हुईल. आत्या परत आडाकत्याल. माझ्या तोंडनं ते न्हाई व्हायचं."

मी सुपातनं उडालेले दाणे गोळा करायला लागलो.

मग सूप खाली ठेवून त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. रागानं नाही, मला वाटतं, त्यांनाही कुतूहलच होतं. "तुमी सांगा की," म्हणाल्या. "तुमी कुठं काय कबूल केलंय कावळ्याला?"

भावना आणि गोष्ट यांवर मला जे कळलं ते एवढं आहे. भावना खरी असली म्हणून गोष्ट खरी होत नाही. त्या चौकातलं प्रत्येक रडणं खरं होतं, वहिनींचंसुद्धा. आणि चांगली रचलेली गोष्ट माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेल्यावर बसते, ओठांवर आवाज बसवावा तशी. मग पाहिलेलं काय होतं हे कुणाला आठवत नाही. गावानं वहिनींचे ओठ पाहिले आणि माझा आवाज ऐकला. मी ते जुळवून दिलं. माझा धंदाच तो.

हे सगळं छापायला देतोय, असं निघताना वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "द्या की. पर हितं कोन वाचतंय?"

खरं आहे. आमच्या गावात दिवाळी अंक येत नाही, आला तरी चुलतीच्या हातात पडणार नाही. तुम्ही वाचलंत, तुम्हाला माझ्याबद्दल काहीतरी वाटलं असेल, पण तुमच्याकडं माझं देणं नाही. देणं आहे ते वहिनींचं. गावच्या चौकात, गर्दीकडं तोंड करून, दादा आणि चुलती समोर असताना, ट्रॅकशिवाय, माझ्या स्वतःच्या आवाजात मला म्हणायचं आहे : वहिनींनी बोलावलं होतं, मी आलो नाही. ते मी अजून म्हटलेलं नाही.